हातचा

फेब्रुवारी संपत आला की आमच्या केंद्रात
कुणी बदलीचं बोलत नाही.
सगळे मास्तर, सगळ्या बाया
पिशव्यांतून पावत्या काढतात:
एलआयसी, पीपीएफ, घराचं व्याज,
आणि सगळ्यांत खाली, बारीक घडी घातलेली,
आपापल्या लेकरांच्या शाळेची फी.

घडी फार बारीक असते, म्हणून सांगते.

गवळी सर म्हणाले, नुसती ट्यूशन फी धरतात, मॅडम.
बसचे पैसे नाहीत. विकास निधी नाही.
डोनेशनची तर (इथं ते हसले) पावतीच नसते.
आणि दोनच लेकरं. तिसरं सरकारला दिसत नाही.
मला एकच आहे, मी म्हणाले,
अन् उगीच पास झाल्यासारखं वाटलं.

माझा ओजस लातूरला, औसा रोडवरच्या शाळेत.
टाय आहे. बुटांचे दोन जोड,
त्यातला एक फक्त शनिवारचा.
त्याची बस गेली की मी उलट्या दिशेनं निघते,
स्कूटीवर बत्तीस किलोमीटर.
चौथीपर्यंतची शाळा, पट एकोणीस,
तांदळाचं पोतं ऑफिसात, उंदरांसकट,
आणि सादिल अजून आलं नाही म्हणून
माझ्याच पर्समधले खडू.

त्या दिवशी हजर सात.
हरभरा काढणीला आलेला, घरंच्या घरं रानात.
आलेल्या सातांच्या दप्तरांत ढाळे,
वर्गभर आंब चढलेला हिरवा वास.
मी टेबलावर गणनापत्रक पसरून बसलेले,
चारच्या आत पाठवा, असा तीनदा मेसेज.

तबस्सुम पाटी घेऊन आली.
गणितं संपली बाई, अजून द्या.
पुस्तक तिनं दिवाळीतच संपवलंय.
माझ्या हातात पावत्या होत्या.
मी दुसरं काही शोधलं नाही.
खरं सांगते, शोधलं नाही.
म्हटलं, हे तीन आकडे मांड.

चौदा हजार पाचशे.
चौदा हजार पाचशे.
नऊ हजार आठशे पंच्याहत्तर.

खाली बसली ती, जीभ ओठाच्या कोपऱ्यात.
पाच. मग सात.
पाच न् पाच दहा, दहा न् आठ अठरा,
अठराचे आठ, हातचा एक.
तो एक तिनं पाटीवर लिहिला नाही, मुठीत धरला.
दुसरीत मीच शिकवलेलं:
हातचा हातातच ठेवायचा, सांडू द्यायचा नाही.
चार न् चार आठ, आठ न् नऊ सतरा,
मूठ उघडली, अठरा.
परत आठ, परत मूठ.

अडतीस हजार आठशे पंच्याहत्तर.

मी मोबाईलवर ताडून पाहिलं. तेवढंच.
ओजस अजून इथं चुकतो.
त्याच्या शाळेत कॅरी म्हणतात,
ते त्याच्याकडून वाटेतच कुठंतरी पडतं.

कशाचे पैसे हे, बाई?
शाळेचे.
आपल्या शाळेचे?

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही.
तिची नजर भिंतीवरून फिरली,
पत्र्याच्या भोकाकडं, उखडलेल्या फरशीकडं,
बिनदाराच्या मुतारीकडं,
जणू एवढे आलेच आहेत
तर आधी कुठं लावायचे, हे तिलाच ठरवायचं होतं.

आधी नळ, बाई.

मी रकान्यात आकडा भरला.
आठेक हजार वाचतील.
खाली छापलेलंच असतं:
वरील माहिती खरी आहे.
सही केली, फोटो काढला, पाठवला.
पाटी पुसू का? तिनं विचारलं.
राहू दे, म्हटलं.

चारला ग्रुपवर मेसेज:
काही शिक्षकांच्या बेरजा चुकल्या आहेत,
पुन्हा तपासून पाठवा. खाली सात नावं.

माझं नव्हतं.